लिगामेंट तुटल्यावर : कोल्हापुरातल्या एका मल्लाचा प्रकरण अभ्यास

रुग्ण पुरुष, वय २३, ८६ किलोच्या गटातला मल्ल. मूळ गाव कागल तालुक्यात. तेराव्या वर्षापासून मुक्काम कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये जत्रेच्या मैदानात उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघा आतून स्थिर धरणारं मुख्य लिगामेंट, तुटला, सोबत सांध्यातली आतल्या बाजूची कूर्चेची गादीही फाटली. मार्चमध्ये ऑपरेशन झालं आणि त्यानंतरचा सगळा व्यायाम माझ्याकडे. मी फिजिओथेरपिस्ट. हे त्याच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील गाळलेत, तेव्हा तालीम कुठली ते विचारू नका. इथं त्याला नुसतं 'पैलवान' म्हणते. कोल्हापुरात जरा दंड भरलेला दिसला की कुणालाही तेच म्हणतात, त्यामुळं काही बिघडत नाही.

गुडघ्याची हकीगत तशी सरळ आहे. लिहायचंय ते गुडघ्याच्या आजूबाजूला जे झालं त्याबद्दल. खेळाडूंच्या मुलाखतींत एक वाक्य हमखास येतं, 'दुखापतीनं मला माणूस म्हणून घडवलं.' माझ्याकडे येणाऱ्यांत मला हे असं सरळ घडताना दिसत नाही. दुखापत झालेला माणूस आधी आकसतो. स्वतःच्या गुडघ्यापलीकडं त्याला काही दिसत नाही, घरच्यांचा त्रास दिसत नाही, शेजारच्या खाटेवरचा तर नाहीच. हा पैलवानही तसाच आकसला होता. त्यातून तो बाहेर आला आणि आधीपेक्षा मऊ होऊन आला, हे खरं. पण त्यात दुखण्याचा वाटा किती आणि त्याच्या वस्तादांनी त्याला लावलेल्या कामाचा किती, याचा हिशेब मला मांडायचाय. माझ्या मते कामाचा वाटा जास्त होता.

मैदानात काय झालं

जोड शिरोळ तालुक्यातल्या एका मल्लाशी लागली होती. दोघं तोलामोलाचे. सात-आठ मिनिटं खडाखडी झाली, मग समोरच्यानं पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, मुसंडी मारली. आपला पैलवान पाय मागं टाकून उजव्या पायावर रोवून उभा राहिला आणि वरून दाब देत अंग फिरवलं. पंजा मातीत रुतलेला, मांडी फिरलेली. त्याच्या म्हणण्याप्रमाणं आतून 'काडी मोडल्यागत' आवाज आला. एसीएल बहुतेक वेळा असाच जातो. पाय रोवलेला असतो, गुडघा किंचित वाकलेला असतो आणि शरीर दुसरीकडं वळतं. समोरच्यानं काही वावगं केलेलं नसतं. ही शेवटची गोष्ट पैलवानाला पटायला सहा महिने लागले. त्याच्या लेखी समोरच्यानं मुद्दाम पाय अडकवला होता.

दोन-तीन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे आत रक्त साकळलंय, हे आता तालमीतल्या पोरांनाही मी घोकून घेतलंय. तेव्हा मात्र त्याला आधी एका हाडवैद्याकडं नेलं. त्यानं पाय ओढला, लेप लावला, पट्टी बांधली. पंधरा दिवस त्यात गेले. हाडवैद्यांवर मी सरसकट तोंड टाकत नाही, निखळलेलं बोट बसवणारे चांगले हात मी पाहिलेत. पण तुटलेलं लिगामेंट ओढून बसत नाही आणि फाटलेली गादी ओढल्यानं आणखी फाटू शकते. एमआरआय झाला तेव्हा दोन्ही दिसलं.

ऑपरेशनमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून तिचं नवं लिगामेंट बसवलं. ही दोरी आत बसवली की आधी कमकुवत होते. तिथं नवा रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ती सगळ्यात नाजूक असते. नेमक्या त्याच सुमाराला सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि पेशंट म्हणतो, मॅडम, मी आता बरा झालो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळलंय. म्हणून मी नऊ महिने म्हणते आणि त्यानंतरही दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांवर आल्याशिवाय सोडत नाही. पेठापेठांतली फुटबॉलची पोरं यावरून माझ्याशी वाद घालतात. शाहू स्टेडियमवर लीग सुरू झाली की कुणालाच घरी बसवत नाही, आणि मंडळाची माणसं त्यांच्यापेक्षा उतावीळ असतात.

आकसलेला माणूस

पहिले तीन महिने पैलवान माझ्याकडं यायचा, व्यायाम करायचा, पैसे द्यायचा आणि जायचा. खाली बघून बोलायचा. मांडी इतकी वाळली होती की दोन्ही पायांच्या मापात चांगला तीन बोटांचा फरक. त्याला ते माप घेतलेलं आवडायचं नाही. टेप काढली की तो भिंतीकडं तोंड करायचा.

घरची परिस्थिती अशी, की दोन एकर ऊस, दोन म्हशी, वडील आणि धाकटा भाऊ. दहा वर्षं त्या घरानं याचा खुराक पुरवला होता. दूध, तूप, बदाम, मटण. पैलवान पोसणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात एखादा असतो त्यांनाच कळतं. सोसायटीचं कर्ज होतंच, वर ऑपरेशन. धाकट्यानं बारावीनंतर शिक्षण सोडून एमआयडीसीत काम धरलं. पैलवानाला हे सगळं माहीत होतं आणि तरी तो घरी फोन करत नव्हता. आईनं जोतिबाला नवस बोलला होता, पाच रविवार अनवाणी डोंगर चढली. हे मला तिनंच सांगितलं. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'मी सांगितलंतं काय तिला?'

मारुतीला नमस्कार करणंही त्यानं बंद केलं होतं. तालमीत राहणाऱ्या पोराच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही. तिथं सगळा दिवस मारुतीच्या पुढ्यात जातो, जोर-बैठका त्याच्यासमोर, शनिवारचं तेल त्याला, हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरताना माती कपाळाला लावायची ती त्याचं नाव घेऊन. इतकी वर्षं लंगोटाचा पक्का राहिलो, बाहेरचं खाल्लं नाही, कधी कुणाशी वाकडं बोललो नाही, त्याचं हे फळ, असं तो मला एकदा म्हणाला. देवाशी त्याचा व्यवहार होता आणि देवानं त्याला फसवलं होतं, अशी त्याची सरळ तक्रार.

त्याला समजवायला माणसं येत होती. त्यातले निम्मे जण खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायचे. कोल्हापुरात ती सांगितल्याशिवाय कुस्तीवर बोलणं होतच नाही. गोळेश्वरचा मुलगा, राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि पुढं गुडघ्याच्या दुखापतीनं १९५६ चं ऑलिंपिक हुकलं, तरी माणूस खचला नाही, पोलिसात गेला, वगैरे. पैलवानानं हे एकदा शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'त्यांचा गुडघा पदकानंतर गेला.' सांगणारा गप्प. मीही गप्प, कारण मुद्दा बिनतोड होता.

चाळण

वस्ताद सत्तरीच्या पुढचे. बोलणं कमी. तालमीत बाईमाणसानं आत जायची पद्धत नाही, म्हणून आमची बोलणी बाहेरच्या कट्ट्यावर व्हायची. (जिल्ह्यातल्या मुली आता मॅटवर राष्ट्रीय पातळीपर्यंत पोचल्यात, पण जुन्या तालमींचे उंबरे अजून तसेच आहेत. मला ते खटकतं. वस्तादांना तसं सांगितलंही. ते हसले आणि चहा मागवला.)

जूनमध्ये त्यांनी मला विचारलं, 'डॉक्टर, ह्याला काय काय करता यील ते सांगा. काय येत न्हाई ते सांगू नका.' इतका नेमका प्रश्न मला नातेवाइकांकडून क्वचित येतो. मी सांगितलं, की फावड्यानं माती उकरायची नाही, त्यात गुडघ्याला पीळ बसतो. पाटावर बसून हातानं होईल ते काहीही चालेल. चालणं चालेल. कुणाचं अंग रगडायचं असेल तर उभ्यानं, टेबलाजवळ.

दुसऱ्या दिवसापासून पैलवानाच्या हातात चाळण आली. हौद्याची माती वर्षातून एकदा नव्यानं करायची असते. लाल माती चाळून खडे-काटे काढायचे, मग त्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर असं घालून मळायची. जुनी माणसं सांगतात तशी ती जखमेला चालते की नाही हा वेगळा विषय आहे, पण मऊ होते हे नक्की. चाळायचं काम एरवी नव्या पोरांचं. दहा वर्षांच्या पैलवानाला ते लावणं म्हणजे त्याला खालच्या पायरीवर बसवणं होतं, आणि त्यानं तसंच घेतलं. तो वस्तादांना म्हणाला, 'वस्ताद, मी आता कशाला हितं? गावाकडं जातो.' त्यांनी सांगितलं, 'गुडघा गेलाय तुझा. हात हायत की. चाळ.' मारुतीचं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यावर एवढंच म्हणाले, 'नमस्काराचं तुझं तू बघ.'

त्या दिवसांत वस्तादांनी त्याला खाशाबांच्याच गोष्टीचा दुसरा भाग सांगितला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले. वस्ताद त्याला म्हणाले म्हणे, 'तू नेहमी खाशाबाच का हुतोस गोष्टीत? खर्डेकर बी हुता येतंय.' हे मला पैलवानानं नंतर सांगितलं, तेव्हाही तो जरा चिडलेलाच होता. पण सांगितलं.

वाटीशेजारची खळगी

जुलैत चंदगडकडचा एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा पैलवानाच्या नजरेत आला. चाळणीवर बसल्या जागेवरून त्याला हौदा नीट दिसायचा. आधी कधी तो बसून बघतच नव्हता. पोरगा बैठका काढताना डावा पाय किंचित बाहेर टाकायचा आणि उठताना दात खायचा. कुणी बघितलं की हसायचा. पैलवानानं त्याला संध्याकाळी जवळ बसवलं, दोन्ही पाय लांब करायला लावले आणि दोन बोटांनी दोन्ही गुडघ्यांच्या वाटीशेजारची खळगी चाचपली. उजव्या बाजूला बोट आत जात होतं. डाव्या बाजूला खळगीच नव्हती, भरून आली होती. ही तपासणी मी त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर दर आठवड्याला करायचे. बघून बघून तो ती शिकला होता.

पोरगा रडायला लागला. घरी कळलं तर परत नेतील, खुराकाला वडिलांनी बैल विकलाय. पैलवान त्याला मागं बसवून स्कूटरवरून माझ्याकडं घेऊन आला. गादीला थोडी इजा होती, लिगामेंट शाबूत. सहा आठवडे हौदा बंद आणि व्यायाम, एवढ्यावर भागलं. त्या सहा आठवड्यांत पोरग्याला व्यायाम पैलवानानं करवून घेतला. मांडीचा स्नायू आवळायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. पोरगा कंटाळला की हाही शेजारी पाय पसरून तेच करायचा. माझ्या नोंदवहीत त्या महिन्यात पैलवानाच्या मांडीच्या ताकदीची सगळ्यात मोठी उडी आहे. आधीचे तीन महिने तो घरी व्यायाम करतच नव्हता, करतो म्हणून थापा मारत होता, हे तेव्हा उघड झालं.

आता टेप काढली की तो भिंतीकडं वळत नव्हता.

पूर

ऑगस्ट २०१९ चा पूर कोल्हापूरला सांगायला नको. पंचगंगा गावात शिरली, शिरोलीजवळ पुण्याचा हायवे कित्येक दिवस बंद, आणि खाली शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगा एकत्र येतात तिथं तर गावंच्या गावं पाण्यात. पाणी उतरल्यावर तालमीतली पोरं चिखल काढायला शिरोळकडं निघाली. पैलवानाला मी घसरणीत उभं राहायला मनाई केली होती. तो छावणीतल्या भांडारावर बसला, धान्य मोजून द्यायला.

तिथं त्याला जत्रेतला तो जोडीदार भेटला. ऑपरेशननंतर हाच माणूस तुपाचा डबा घेऊन दवाखान्यात आला होता आणि पैलवानानं भेटायला नकार दिला होता. आता तो रांगेत उभा होता. त्याच्या तीन म्हशी वाहून गेल्या होत्या, चौथी दावणीला बांधलेली राहिली ती तिथंच मेली. दावं सोडायला वेळ मिळाला नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

दोघांत समेटाचं असं काही बोलणं झालं नाही. मी खोदून विचारलं, कारण मला एखादं वाक्य हवं होतं. पैलवान म्हणाला, 'म्हशी कुठल्या हुत्या ते इचारलं. मुऱ्हा हुत्या. मग मी त्याला पोतं उचलून दिलं, त्याची पाठ धरलीती.' एवढंच. पुढच्या वेळी टेबलावर पडल्या पडल्या आपण होऊन म्हणाला, 'मॅडम, त्यानं पाय अडकवला नव्हता. माझाच रुतला हुता.' सहा महिने मी त्याला गुडघ्याचा सांगाडा दाखवून हेच सांगत होते.

मारुतीचा विषय मी काढला नव्हता, त्यानंच काढला. नमस्कार पुन्हा सुरू केला होता. 'पण आता मागत न्हाई काय,' म्हणाला. मग काय करतोस, असं मी विचारलं. 'हुबा ऱ्हातो जरा वेळ.' अध्यात्मावर माझा अभ्यास नाही, पण हा माणूस मार्चमध्ये देवाचं खातं मांडून बसला होता आणि सप्टेंबरात त्यानं ते बंद केलं होतं, एवढं मला दिसत होतं. आईला फोनही सुरू झाला. नवस फेडायला तो तिच्यासोबत जोतिबाला गेला. पायऱ्या उतरताना गुडघा दुखला, ते चढताना नाही उतरतानाच दुखतं, हे मी आधीच सांगितलं होतं.

पुढं

जानेवारी २०२० मध्ये तो चाचण्यांत पास झाला. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी, एका पायावरच्या उडीत किरकोळ फरक. गावजत्रेत दोन-तीन कुस्त्या केल्या, जिंकल्याही. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, जत्रा रद्द, तालमी बंद, पोरं गावाला गेली. जिल्ह्यातल्या कित्येक मल्लांची ऐन उमेदीची दोन वर्षं त्यात गेली. हा २५ चा झाला. पुन्हा सुरू झालं तेव्हा वजन वाढलं होतं आणि मोठ्या कुस्तीची उमेद राहिली नव्हती. दुखापतीवर मात करून पदक, अशी ही गोष्ट नाही.

तो तालमीतच राहिला. सकाळी लहान पोरांची मेहनत घेतो, दुपारी दूध संकलनाचं काम करतो. धाकट्या भावाला मुक्त विद्यापीठात नाव घालायला लावलं, फी तो भरतो. चिडका अजून आहे. माझ्याकडं पाठवलेल्या पोरानं व्यायाम चुकवला की त्याला चारचौघांत झापतो आणि मग मला फोन करून पोरगं येतंय ना ते विचारतो.

२०२२ च्या जत्रांच्या हंगामात एका गावानं त्याला पंच म्हणून बोलावलं. चांगल्या इनामाची कुस्ती, हलगी कडकडत होती, माणूस माणसाला लागून बसलेलं. त्यातल्या एका मल्लाचा पाय खाली रुतला आणि वरच्यानं ढाक, म्हणजे उचलून फेकायचा डाव, भरायला घेतली. पैलवानानं शिट्टी मारली आणि दोघांच्या मध्ये पडून कुस्ती सोडवली. वरचा मल्ल जिंकायच्या बेतात होता. लोक उठले, 'निकाल लावा, निकाल लावा' सुरू झालं, टोप्या, बाटल्या आल्या. कमिटीच्या माणसानं माइकवरून त्याला पुन्हा जोड लावायला सांगितलं. त्यानं खालच्याला उभं केलं, चार पावलं चालवलं, गुडघा चाचपला आणि बरोबरीचा निकाल दिला. इनाम निम्मं-निम्मं. ज्याचा पाय वाचला त्याच्या वडिलांनीसुद्धा त्याला शिव्या घातल्या, कारण त्यांच्या मते पोरगं अजून उलटवणार होतं.

मी त्याला विचारलं, पाय खरंच जाणार होता का? तो म्हणाला, 'काय माहीत. गेलाही नसता.' त्या गावानं त्याला पुढच्या वर्षी पंच म्हणून बोलावलं नाही. दुसऱ्या एका गावानं बोलावलं, तिथं त्यानं आधीच कमिटीकडून कबूल करून घेतलं, की पाय अडकला तर मी सोडवणार, आणि मैदानावर बर्फाची पेटी ठेवायची. पेटीचे पैसे कुणी द्यायचे यावरून मात्र अजून वाद चालू आहे.